जोंधळ्यामागून

कडोलीत, सोसायटीच्या मागं आमची गिरण.
पट्टा फिरायला लागला की भिंतीवरचं कॅलेंडर हलतं
आणि अप्पांचं बोलणं थांबतं.
तीस वर्षं ते बोटांनीच बोलतात:
अंगठा, तर्जनी, मधे चिमूटभर पीठ.
जाड आलं तर मान डावीकडं.
करपलं तर नजर माझ्याकडं.

पंधरा दिवसांनी दगड उतरवायचा,
गोणपाटावर उताणा घालायचा
आणि टाकी घेऊन बसायचं, मधापासून काठाकडं.
कपच्या भुवयांत अडकतात.
अप्पांच्या पंजावर निळे ठिपके आहेत,
टाकीचं पोलाद, कातडीखाली गेलेलं.
लहानपणी मला ते गोंदण वाटायचं.

माणसं मी डब्यांवरून ओळखते.
डालड्याचा पोचे आलेला डबा बसव्वाचा,
आत जोंधळे, वर ताकीद:
"स्वल्प जाडंच असू दे ग."
शिंत्र्यांचं नाचणं, खडे न वेचलेलं.
बेळगावला बदली झालेल्या गुरुजींचा गहू
अजून इथंच येतो, बसच्या टपावरनं.

दिवाळीनंतर मंदाकिनी बिर्जे आली.
डबा नाही, प्लॅस्टिकची पिशवी.
वडलांना ॲटॅक येऊन गेलेला.
"ओट्स आहेत. अख्खे, साल काढलेले.
पाकिटातले चपटे बाबा खाईनात,
म्हणतात हा लगदा भिंतीला लावा."

अप्पांनी तळहातावर घेतले. एक दाताखाली फोडला.
आणि भर गर्दीत मोटर बंद केली.
"कुणाच्या रानातलं हे?"
मंदाकिनीला सांगता येईना.
पिशवीवर कुठल्याशा देशाचं नाव होतं,
ते न वाचता अप्पांनी वास घेतला.
"सातूचा चुलतभाऊ दिसतोय. पोटात तेल आहे.
दगड तापला तर धरून बसंल."

चाक अर्धा आटा सैल केलं,
दाणा थोडा थोडा सोडला.
पीठ नव्हे, रवाही नव्हे, मधलंच काहीतरी
कापडी बाहीतून खाली आलं, कोमट.
अप्पांनी चिमूट चोळली, पुन्हा चोळली.
मान कुठंच वळली नाही.

चौथ्या दिवशी मंदाकिनी परत. मला वाटलं, तक्रार.
"बाबांनी दोन वाट्या खाल्ल्या ग.
म्हणाले, ह्याला जोंधळ्याच्या आंबिलीची चव आहे."
माझे कान तापले.
दगडाच्या घरांत आधीच्याचं मूठभर राहतंच,
आणि त्या दिवशी आधी बसव्वा होती.
हे कुठलाच गिरणवाला तोंडानं कबूल करत नाही.
उपासाची भगर तेवढी सकाळी, धुतल्या हातानं.
"पुढच्या वेळी दगड झाडून घेते," म्हटलं.

"नको, नको. तेच सांगायला आले.
आधी कुणाचे तरी जोंधळे होऊ देत.
आम्ही थांबतो की."

आता एक गुरुवार सोडून एक
सुबराव बिर्जे स्वतः येतात, काठी टेकत.
बाकड्यावर बसतात, पिशवी मांडीवर.
गहू आला, नंबर सोडतात.
नाचणं आलं, नंबर सोडतात.
पोरं हसतात.
रस्त्यावर डालड्याचा डबा दिसला
की म्हातारा उठून उभा राहतो.

परवा बसव्वानं मला पट्ट्याआड ओढलं.
"तो अज्जा माझ्याच मागं का ग लागतो?"
मी ओरडून सांगितलं, पिठासाठी!
मोटरीच्या आवाजात किती पोचलं, देव जाणे.
"हूं," म्हणाली.

ह्या गुरुवारी ती इरकल नेसून आली,
ठेवणीतलं, घडीचा पांढरा पट्टा तसाच असलेलं.
डबा ठेवला. जोंधळे निवडून आणलेले.
"आज बारीकच दळ," म्हणाली.

अप्पांनी माझ्याकडं बघितलं.
काहीच करपलं नव्हतं.